जॉब टेपर येतोय म्हणून बेड ग्राइंडिंगला पाठवू नका, आधी लेथची बैठक बघा

तुमचा प्रश्न मी असा समजलो. आजोबांचा साडेचार फुटी बेल्टवाला लेथ होता. त्यांचा कुर्ल्याचा गाळा विकल्यावर तुम्ही तो मुलुंडला, तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत आणून ठेवलात. चकमध्ये (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पकडणाऱ्या फिरत्या जबड्यात) पकडून, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा सेंटर (आधाराची टोकदार खुंटी) लावून २०० मिलिमीटरचा शाफ्ट मारलात, तर टेलस्टॉककडचं टोक ०.०८ मिलिमीटरने जाड आलं, म्हणजे टेपर आला. एका मशीन रिपेअरवाल्याने येऊन सांगितलं की बेड, म्हणजे ज्या लांब रुळांवर लेथचे बाकीचे भाग सरकतात तो, झिजून गेलाय, ग्राइंडिंगला काढावा लागेल. त्याने सांगितलेल्या पैशात दुसरा जुना लेथ येईल. वर मोटर थ्री फेजची आणि घरात सिंगल फेज, आणि पहिल्याच पावसाळ्यात बेडवर तांबूस थर चढला. म्हणून तुम्ही विचारताय, हा लेथ ठेवू की भंगारात देऊ?

ठेवा. आणि ग्राइंडिंगचा विषय तूर्त बाजूला ठेवा.

तुमच्याच पत्रात एक वाक्य आहे, ते मी दोनदा वाचलं. आजोबा गाळा बंद करेपर्यंत याच लेथवर पंपाचे शाफ्ट मारत होते आणि गिऱ्हाईक कधी परत आलं नाही. तसं असेल तर कुर्ल्याहून मुलुंडला टेम्पोतून येईपर्यंत बेड झिजत नाही. बदलली ती फक्त बैठक. गाळ्यातली जुनी कोब्याची जमीन गेली आणि लेथ तुमच्या घरातल्या टाइल्सवर आला. त्यामुळे पहिला संशय बैठकीवर आणि टेलस्टॉकवर घ्यायचा, बेडवर अगदी शेवटी.

इथे बसून मला सगळं सांगता येणार नाही हे खरं. तुमच्या लेथचा बेड सपाट आहे की व्ही, स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगांची हालत काय, खालची जमीन किती पोकळ आहे, यावर पुष्कळ अवलंबून असतं. त्याहून जास्त अवलंबून असतं ते तुम्हाला करायचं काय यावर. गेटचे बोल्ट आणि बुश मारायचे असतील तर ०.०८ घेऊनही चालेल. बेअरिंगच्या सीट मारायच्या असतील तर नाही चालणार. पण तपासायचा क्रम सगळीकडे एकच.

चार-पाचशे किलोचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, धूड पिळवटतं, यावर नव्या माणसाचा विश्वास बसत नाही. माझाही बसला नव्हता. मी आयटीआय करून लालबागच्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस लागलो, १९८२चा संप अजून व्हायचा होता. तिथे एक जुना विलायती लेथ होता, बेडची जाडी बघून छाती दडपावी असा. आमच्या मिस्त्रींनी बेडच्या शेवटच्या टोकाला आडवी लेव्हल ठेवली, मला म्हणाले बुडबुड्याकडे बघ, आणि पायाचा बोल्ट पान्याने जेमतेम पाव फेरा फिरवला. बुडबुडा सावकाश सरकत दोन रेघा ओलांडून गेला. हेडस्टॉककडच्या, म्हणजे चककडच्या, टोकाला दुसरी लेव्हल होती, तिचा बुडबुडा जागचा हलला नाही. म्हणजे बेड एका टोकाला वळला होता, दुसऱ्या टोकाला नाही. त्या दिवसापासून मी बेडला ओल्या फळीसारखं समजतो. जिथे टेकवाल तसा तो बसतो.

आता तुमच्या आकड्याकडे येऊ. शाफ्ट टेलस्टॉकच्या सेंटरवर टेकवून मारला असल्यामुळे दोन दोष एकमेकांत मिसळलेत. टेलस्टॉकचा वरचा भाग खालच्या भागावर आडवा सरकतो, मुद्दाम टेपर मारायचा असेल तर उपयोगी पडावा म्हणून. त्याचे बाजूचे स्क्रू हलवाहलवीत सैल पडतात. टेलस्टॉक तुमच्यापासून ०.०४ मिलिमीटर पलीकडे गेला असला, तरी टोकाला व्यासात ०.०८चा फरक पडतो, कारण व्यासात चूक दुप्पट दिसते. तुमचा सगळा टेपर एकट्या टेलस्टॉकचाही असू शकतो. म्हणून पहिलं काम टेलस्टॉकला या खेळातून बाहेर काढायचं.

४० मिलिमीटरचा एमएस (साध्या पोलादाचा) बार घ्या आणि चकबाहेर साधारण १६० मिलिमीटर ठेवा. टेलस्टॉक मागे ढकलून द्या. बार बारीक घेऊ नका, नाहीतर टूलच्या दाबाने टोक पलीकडे झुकतं, जाड राहतं आणि तुम्ही विनाकारण बेडला दोष देता. मधला भाग दोन-तीन मिलिमीटरने उतरवा. चकजवळ आणि मोकळ्या टोकाला पंधरा-पंधरा मिलिमीटरचे दोन कॉलर, म्हणजे जाड पट्टे, राहू द्या. आता एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) टूल चांगली धार काढून लावा. नाक बारीक हवं. कार्बाइडची टिप इथे नको, इतक्या हलक्या कटला ती कापण्यापेक्षा घासते जास्त. ०.०५ची कट, बारीक फीड (टूलची सावकाश चाल), आणि दोन्ही कॉलर एकाच सेटिंगवर, मध्ये टूल आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाईडला हात न लावता. त्याच सेटिंगवर आणखी दोनदा टूल फिरवून आणा. मग पंखा लावा, चहा घ्या आणि बार थंड झाल्यावर मायक्रोमीटरने मोजा. ४० मिलिमीटरचा बार २० अंशांनी गरम असेल तर ०.०१ मिलिमीटर जाड दाखवतो, आणि आपण इथे तेवढ्याचाच शोध घेतोय.

दोन्ही कॉलर ०.०१च्या आत जुळले, तर बेडचं आणि हेडस्टॉकचं नातं ठीक आहे. मग टेलस्टॉकचे स्क्रू थोडे सैल करून तो तुमच्या बाजूला आणा, पुन्हा शाफ्ट मारा, पुन्हा मोजा. अर्ध्या तासात प्रश्न संपला.

मोकळ्या टोकाचा कॉलर जाड आला, तर बेड पिळलेला आहे. त्याचं कारण डोळ्यांसमोर आणा. टेलस्टॉककडे बेडची पुढची कड, म्हणजे तुम्ही उभे राहता ती, खाली बसली की सॅडल, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, तुमच्याकडे कलतो. टूल बेडच्या बरंच वर असतं, त्यामुळे ते जॉबपासून मागे हटतं आणि जॉब जाड राहतो. उपाय म्हणजे टेलस्टॉककडचा पुढचा पाय वर घ्यायचा. कॉलर उलटे आले, म्हणजे चककडचा जाड, तर त्याच टोकाचा मागचा पाय वर घ्यायचा.

किती वर, याचाही अंदाज येतो. समजा सेंटरची उंची बेडपासून १६० मिलिमीटर आहे, पुढच्या-मागच्या पायांत २४० मिलिमीटर अंतर आहे आणि दोन टोकांच्या पायांमध्ये एक मीटर. पुढच्या पायाखाली ०.१ मिलिमीटरची शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घातली, तर त्या टोकाला टूल ०.०६७ने आत येतं, व्यासात ०.१३. पण तो पीळ मीटरभर वाटला जातो, त्यामुळे तुमच्या १५० मिलिमीटरच्या टेस्ट बारवर फरक दिसतो ०.०२चा. तुमच्या लेथची मापं घालून हेच त्रैराशिक मांडा. शिमस्टॉक किंवा पितळेचा पातळ पत्रा वापरा. पुठ्ठा आणि लाकूड नको, पावसाळ्यात फुगतात.

शिम घालायच्या आधी मात्र जमीन बघा. टाइलवर पान्याने ठोकून आवाज ऐका. बद्द आवाज आला तर खाली पोकळ आहे आणि तिथे केलेली कुठलीही लेव्हल महिनाभरसुद्धा टिकणार नाही. पायाखालच्या तेवढ्या टाइल्स काढून काँक्रीट भरा, वर १० मिलिमीटरच्या लोखंडी प्लेटा ठेवा आणि पाय त्यावर घ्या. रबराचे पॅड घातले असतील तर ते काढा. रबरावर पाय उचलला की रबर दबतं आणि पीळ निघतच नाही. स्टँड हलका असेल तर अँकर बोल्ट मारा, म्हणजे एक पाय वर घेतल्यावर लेथ डुगडुगण्याऐवजी खरोखर वळेल.

लेव्हलचं म्हणाल तर सुताराची लेव्हल इथे निरुपयोगी. आपल्याला मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी मशीनची लेव्हल लागते. नागदेवी स्ट्रीटला मिळते, पण एकदा वापरण्यासाठी विकत घेऊ नका, कुणा फिटरकडून दोन दिवसांसाठी मागून आणा. आणलीत की बेडवर ठेवून बुडबुडा बघा, मग तीच जागा ठेवून लेव्हलची टोकं अदलाबदल करून ठेवा. बुडबुडा बेडच्या त्याच बाजूला तेवढाच दिसला नाही तर लेव्हलच चुकीची आहे. बेडच्या दोन्ही टोकांना, जिथे सॅडल फारसा जात नाही तिथे, आडवी ठेवून बघा. लेथ पाण्यासारखा समतल नसला तरी चालतो, जहाजावरचे लेथ डोलत्या बोटीत काम करतात. दोन्ही टोकांना वाचन एकसारखं आलं पाहिजे, बस्स. लेव्हल मिळालीच नाही तर कॉलरच्या टेस्टवर भरवसा ठेवून शिम लावत जा. शेवटचा शब्द तसाही जॉबचाच असतो. आठवड्याने पुन्हा एकदा तपासा, कारण नवी बैठक थोडी खाली जातेच.

आता बेडच्या झिजेबद्दल, कारण तुम्हाला भीती तीच घातली गेलीय. बेड झिजलेला असणारच. सॅडल आयुष्यभर चकजवळ फिरतो, म्हणून झीज तिथे जास्त. पण झिजेने सॅडल नुसता खाली गेला तर व्यासावर जवळजवळ काहीच फरक पडत नाही. २५ मिलिमीटरच्या जॉबवर टूल ०.१ मिलिमीटर खाली गेलं, तर व्यास वाढतो ०.०००८ मिलिमीटर, म्हणजे एक मायक्रॉनसुद्धा नाही. त्रास देते ती पुढच्या कडेची जास्तीची झीज, तिने सॅडल तुमच्याकडे कलतो. पण ती चकजवळ जास्त असल्यामुळे जॉब सहसा चककडे जाड येतो. तुमचा जाड येतोय टेलस्टॉककडे. म्हणजे तुमचं लक्षण झिजेच्या उलट दिशेचं आहे, आणि निदान करणाऱ्याने हे बघायला हवं होतं.

झीज स्वतः जोखायची असेल तर सॅडलच्या गिब (ढिलाई काढायच्या पट्ट्या) चकजवळ अशा कसा की तो जेमतेम मऊ चालेल. मग हाताने टेलस्टॉककडे नेत जा. मध्येच घट्ट होऊन अडला, तर चकजवळ बेड खरोखर उतरलाय. थोडा जड झाला पण गेला, तर तो लेथ अजून पुष्कळ वर्षं काम करेल.

ग्राइंडिंगला मी घाबरतो त्याला कारण आहे. माझ्या गाळ्यातला एक लेथ मी एकदा असाच बेड ग्राइंड करून आणला. बेड आरशासारखा आला, पण सॅडल अर्ध्या मिलिमीटरने खाली बसला. सॅडलला टांगलेल्या एप्रनचं पिनियन (दातेरी चाक) रॅकपासून (बेडच्या दातेरी पट्टीपासून) खाली सुटलं, आटे पाडायचा लीड स्क्रू त्याला पकडणाऱ्या हाफ नटमध्ये वाकून चालू लागला, टेलस्टॉकचा सेंटर स्पिंडलच्या खाली गेला. करणाऱ्याने बेडचं काम केलं, पण सॅडलखाली टर्साईट (घसरणीचं प्लास्टिक) चिकटवून, स्क्रेप करून (हाताने खरवडून) उंची परत आणण्याचं काम त्याच्या बोलण्यात कधी आलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. तो लेथ मार्गी लावायला मला सहा महिने लागले. म्हणून कुणी नुसतं बेड ग्राइंडिंगचं कोटेशन दिलं तर पहिला प्रश्न हाच विचारा: सॅडलची आणि टेलस्टॉकची उंची कोण आणि कशी भरून काढणार?

मोटरचं सोपं आहे, पण अर्धवट करू नका. तुमचा इलेक्ट्रिशियन कंडेन्सर लावून देतो म्हणालाय. मोटर फिरेल, पण ताकद बरीच घटेल, घरघर करेल आणि ती थरथर जॉबच्या फिनिशवर दिसेल. २ एचपीच्या मोटरला सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजमधून थ्री फेज करून मोटरचा वेगही बदलणारा डबा, लावा. मोटरची पाटी वाचा. बहुतेक ४१५ व्होल्ट, स्टार (तिन्ही गुंडाळ्या एका बिंदूला जोडलेल्या) असेल. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं आणि पट्ट्या दिसल्या तर पट्ट्या बदलून डेल्टा (त्रिकोणी जोडणी) करा, म्हणजे तीच मोटर २४० व्होल्टवर पूर्ण ताकदीने चालते. तीनच वायर बाहेर असतील तर वाइंडरकडून आतला स्टार पॉइंट खोलून सहा टोकं बाहेर काढून घ्या. व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये जुना स्विच किंवा स्टार्टर ठेवू नका, चालू-बंद व्हीएफडीच्या कंट्रोल वायरवरूनच करा. बीड कापताना उडणारी काळी पूड वीज वाहून नेते, त्यामुळे व्हीएफडी लेथच्या मागे उघडा टांगू नका. अर्थिंग पक्कं हवं. वेग कमी करायला आधी बेल्ट बदला, मग नॉब फिरवा. मोटर फार सावकाश फिरली की तिचा पंखाही सावकाश फिरतो आणि जोरही मिळत नाही.

एक गोष्ट मात्र आजच बघा. तुमचं चक स्पिंडलवर आट्यांनी बसतं का? बेल्टवाल्या जुन्या लेथवर बहुधा तसंच असतं. असेल तर व्हीएफडीवर ब्रेकिंग बंद ठेवा, थांबायचा वेळ सात-आठ सेकंद द्या आणि कट घेताना रिव्हर्स अजिबात नको. स्पिंडल एकदम थांबला की फिरतं चक आट्यांतून सुटून बाहेर येतं. दहा-बारा किलोचं बीड फिरत अंगावर येताना मी पाहिलंय. माणूस वाचला, कारण तो त्या क्षणी बाजूला उभा होता.

गंजाबद्दल. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतच इतकं पाणी असतं की उघडं लोखंड नुसत्या हाताच्या घामाने रात्रीत ठसे दाखवतं. तुम्ही लेथवर प्लास्टिक टाकून तो बांधून ठेवला होतात, तिथेच चुकलं. प्लास्टिकखाली ओल कोंडते आणि पहाटे थंड लोखंडावर तिचे थेंब होतात. जुनं सुती धोतर किंवा साडी घ्या, तेलात भिजवून पिळून बेडवर पसरा आणि वर जाड सुती चादर टाका. चादरीखाली, कापडाला लागणार नाही अशा जागी जाळीत ४० वॉटचा साधा, तापणारा तारेचा बल्ब रात्रभर ठेवा. लोखंड हवेपेक्षा दोन अंश गरम राहिलं तरी त्यावर पाणी धरत नाही. पावसाळ्यात पाण्यातलं कूलंट वापरूच नका, ब्रशने कटिंग ऑइल लावा. बेडला ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल, रोज काम सुरू करताना आणि संपल्यावर. तेलाच्या कुपीत ग्रीस भरू नका, आतल्या चरीत ते जात नाही.

आलेला तांबूस थर रॉकेल किंवा डिझेल लावून रात्रभर मुरू द्या आणि पितळेच्या पट्टीने खरवडा. पॉलिश पेपर बेडवर नको. त्याचे कण बिडात रुततात आणि मग सॅडल स्वतःच बेड घासत बसतो. खाली काळे डाग राहिले तर राहू द्या, डागाने माप बिघडत नाही.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमच्या कुर्ल्याच्या गाळ्यात पाणी लेथच्या बेडवरून गेलं होतं. पाणी उतरल्यावर मी आधी गोड्या पाण्याने सगळा गाळ धुतला, हेडस्टॉकचं तेल काढून डिझेलने दोनदा धुतलं, मोटर वाइंडरकडे सुकवायला दिली, आणि मगच सॅडल पहिल्यांदा हलवला. शेजारच्याने घाईत चिखलासकट सॅडल ओढला. त्या बेडवरचे ओरखडे नंतर कधीच गेले नाहीत. तुमचीही खोली तळमजल्यावर आहे. मोटर आणि व्हीएफडी जमिनीपासून जितके वर घेता येतील तितके घ्या.

मी वर्षातून एकदा, खंडेनवमीला, लेव्हल आणि कॉलरची टेस्ट करतो. पाऊस संपलेला असतो, जमीन सुकून स्थिर होत आलेली असते आणि त्या दिवशी लेथ तसाही पुसून स्वच्छ होतो. पूजा जरूर करा, पण हळदकुंकू आणि झेंडूची माळ हेडस्टॉकच्या रंगावर. बेडवर रात्रभर राहिलेल्या ओल्या फुलांचे डाग मी पाच-पाच वर्षं पाहिलेत.

लेथवर हातमोजे नकोत, मनगटावर राखी किंवा लाल दोरा नको, कीस हाताने नाही तर आकड्याने ओढायचा, आणि चकची चावी हातातून ठेवली की ती फक्त खिळ्याला, चकमध्ये कधीच नाही. घरात लहान मुलं असतील तर मेन स्विचला कुलूप लावा.

या रविवारी दोन कॉलर मारा आणि मला तीन गोष्टी कळवा: दोन्हींचे व्यास, त्यांच्यामधलं अंतर आणि टाइल्सचा आवाज. पायांमधली अंतरं आणि सेंटरची उंचीही मोजून ठेवा, म्हणजे कुठल्या पायाखाली किती शिम लागेल ते मी काढून देतो. चक आट्यांचं आहे की फ्लँजचं, तेही लिहा. व्हीएफडीच्या सेटिंग त्यावर ठरतील.